अर्धवट काज

आमच्या ह्यांना दुसऱ्याचा टाका कधी पसंत पडला नाही. लग्नानंतर मी शिवलेली पहिली उशीची खोळ त्यांनी माझ्यादेखत उसवली होती. चाळीस वर्षं कोटाची काजं हाताने करणारा शिंपी. वाकडं काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे.

नेमकं त्याच हातावर गंडांतर आलं. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरबाईंनी कागदावर मेंदू काढून दाखवला.

"गाठ बाहेरच्या थरात आहे. हा थर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड, पण बोलणं, बोटं हलवणं इथूनच चालतं. चुण्या पडल्यात म्हणून कवटीत मावतो. पसरला तर मोठ्या रुमालाएवढा होईल."

"एका रुमालाला एवढ्या चुण्या? शिंपी कोण?" ह्यांनी विचारलं. इथे माझ्या तोंडचं पाणी पळालेलं आणि ह्यांचं आपलं दुकान चालूच!

ऑपरेशन जागेपणी होणार होतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही म्हणे. गाठ कापण्याआधी त्या त्या जागी हलकी वीज लावायची, तेव्हा ह्यांनी मूठ उघडायची-मिटायची. हात अडला, तर ती जागा सोडून द्यायची.

"मूठ काय, तान्हं बाळही वळतं," मी फटकन बोलले. "ह्यांच्याकडून काज करून घ्या."

डॉक्टरबाईंनी ते लगेच कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "सुई, दोरा, कापड आणून द्या. निर्जंतुक करून घेऊ."

ऑपरेशनच्या दिवशी चार तास मी बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसले. शेवटी डॉक्टरबाई आल्या. हातात ते कापड होतं. दोन काजं सुबक, तिसऱ्याचा दोरा निम्म्यावर भरकटलेला.

"मूठ शेवटपर्यंत छान चालली," त्या म्हणाल्या. "सुई मात्र इथे अडली. मुठीवर विसंबले असते तर ती जागा मी कापली असती. तेवढी गाठ ठेवलीय, तिच्यासाठी औषधं देऊ."

मी तिथेच ढसाढसा रडले.

महिन्याभराने हे कपाट धुंडाळत असताना ते कापड त्यांच्या हाती लागलं.

"शी! हे कुणी केलंय?"

"तुम्हीच, ऑपरेशनच्या टेबलावर. नंतरच्या गुंगीत विसरलात."

त्यांनी चष्मा चढवला, उजव्या हातात छोटी कात्री घेतली. बोटं पूर्वीसारखी सराईत वळली. "थांब, उसवून नीट करतो."

"खबरदार!" मी कापड ओढून घेतलं. "याच टाक्यापाशी तुमचा हात वाचलाय."

त्यांनी आधी काजाकडे, मग आपल्या बोटांकडे पाहिलं. कात्री खाली ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. वाकड्या टाक्याला असं म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.