जालोंगमामाचा खांब

बेलियनच्या लोखंडासारख्या टणक लाकडाचा तो खांब आपोयने उपटायलाच हवा होता. अख्खी वस्ती एका छपराखाली राहते त्या लांबघराचा सावली मोजणारा मेला की त्याचा खांब त्याच्यासोबत नदीकाठच्या थडग्यात जातो, आणि नवा मोजणारा आपल्या अंगाच्या मापाचा नवा खांब रोवतो. दोन्ही हात पसरून एक वाव, वर एक वीत. ओळंबा लावून तो सरळ करायचा, भरदुपारी रोज त्याची सावली खाचांच्या काठीने मोजायची. सावली आखडत आखडत टोकणीच्या खाचेशी आली, की अख्खं लांबघर भात टोकायला डोंगरावर निघतं.

पण आपोय पडला बुटका. आधीच्या मोजणाऱ्या जालोंगमामाच्या मयतीच्या दिवशी नव्या खांबासाठी तो हात पसरून उभा राहिला, तेव्हा मुखिया तामा बिलुंग म्हणाला, आता सूर्यालाही जरा वाकूनच यावं लागेल. सुतकातही लोक हसले. हे काम मिळावं म्हणून बारा वर्षं मामाच्या मागे फिरलेल्या माणसाला ते झोंबलं. त्याने आपला खांब तासला खरा, पण सालीच्या कापडात गुंडाळून गुपचूप थडग्यात मामाच्या कुशीला ठेवला आणि मामाचा उंच खांब होता तिथेच राहू दिला. खांबाभोवतीच्या कुंपणाच्या आत मोजणाऱ्याशिवाय कोणी पाऊल टाकत नाही. लोकांना वाटलं, बुटक्याचे हात बरेच लांब निघाले.

पहिले काही दिवस आपोय ऐटीत होता. मग त्याच्या लक्षात आलं की सावली हलत नाही. मामा गेला त्या दुपारी ती सहाव्या खाचेवर होती, आणि आजही तिथेच होती. त्याने ओळंबा पुन्हा लावला, जमीन पाण्याने सपाट करून पाहिली, काठी उलटसुलट धरली. शेजारच्या केळीची सावली रोज आखडत होती, कुंपणाच्या काठ्यांची आखडत होती. फक्त मामाची तेवढी अडून बसली होती. मेलेल्याचा दिवस पुढे सरकत नाही, एवढी साधी गोष्ट बारा वर्षांत त्याच्या डोक्यात शिरली नव्हती.

डोंगरावर जाळलेल्या शेतांत राख तयार होती. लोक रोज विचारत होते आणि आपोय रोज 'अजून नाही' म्हणत होता. मागल्या वर्षी मामा तापाने पडला, टोकणी उशिरा झाली आणि घराने साबूच्या ताडाचं पीठ खाऊन दिवस काढले. आपोयची दोन वर्षांची पोर त्यातच गेली. आता त्याच्या बायकोला, लाहुंगला, पुन्हा दिवस गेले होते. लोकांच्या प्रश्नापेक्षा तिच्या गप्प बसण्याची त्याला जास्त भीती वाटायची.

एका संध्याकाळी दोघं नदीवरून पाणी घेऊन येत होती. ऊन कलतं होतं, लाहुंगची सावली पार बांबूच्या बेटापर्यंत गेली होती. ती थांबली.

"तुझी कुठंय?" तिने विचारलं.

आपोयने खाली पाहिलं. त्याच्या पायाशी हातभर काळा तुकडा होता, भरदुपारी पडावा तेवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकसारखाच राहिला, फक्त आदल्या दिवसापेक्षा बोटभर कमी. कुत्री त्याला पाहून उठेनाशी झाली. लाहुंगने खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "अरे शहाण्या, अंगाचं माप कोणी मातीत देतं का? मामाला वाटलं असेल, भाचाच सोबतीला आला."

सावली संपली की माणूस मेलेल्यांच्या मोजणीत धरला जातो, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक असतं. उपाय एकच होता. थडगं उघडायचं, मामाचा खांब त्याला द्यायचा, आपला परत आणायचा. पण थडगं उघडलं की लांबघराला पुन्हा महिनाभर सुतक. सुतकात बी जमिनीत पडत नाही, आणि महिन्याने राख पावसाने धुऊन गेलेली असते.

लाहुंग म्हणाली, उघड. तिच्या पोटाकडे बघत तो म्हणाला, "आणि याला काय साबू चारायचा?"

त्यानंतर त्याने मामाच्या खांबाकडे पाहणं सोडून दिलं. स्वतःच्या खांबाबरोबर कोरलेली काठी काढली. भरदुपारी तो स्वतःच खांबासारखा कुंपणात उभा राहून आपल्या सावलीला ती काठी लावायचा, आणि बाहेर पाठ करून उभी असलेली लाहुंग त्याने सांगितलेला आकडा लक्षात ठेवायची. स्वतःचं सरणं तो असं बोटाबोटाने मोजत होता, पण माप चुकलं नाही. अकराव्या दिवशी त्याची सावली टोकणीच्या खाचेशी आली. त्याने बाहेर येऊन तामा बिलुंगला सांगितलं, उद्या निघा.

भात उगवलं. इतकं दाट आणि सारखं, की म्हातारे म्हणाले, जालोंगच्या काळातही अशी वेळ साधली नव्हती. तामा बिलुंगने सगळ्यांदेखत मागचं बोलणं परत घेतलं. आपोय हसला आणि मान खाली घालून पायाशी उरलेलं चार बोटं काळं पाहत राहिला.

मग बिनसावलीची दुपार आली. सूर्य नेमका डोक्यावर, कोणाचीच सावली नाही. पोरं अंगणात उड्या मारून आपापली सावली शोधत होती. त्या घटकेपुरता आपोय सगळ्यांसारखा होता. किती दिवसांनी तो लोकांत मोकळा बसला, तांदळाची दारू प्यायला, कोणाच्या तरी थट्टेवर मनापासून हसला. त्याला फार बरं वाटलं.

ऊन कलायला लागलं. पोरांच्या पायांखालून सावल्या बाहेर आल्या, म्हाताऱ्यांच्या आल्या, कोंबड्यांच्याही आल्या. कुंपणातल्या खांबाची होती तिथेच होती. आपोय उठून उभा राहिला आणि पायांकडे पाहत वाट बघू लागला.

लाहुंग अंगण ओलांडून आली. त्याला खेटून उभी राहिली, अशी की तिची सावली दोघांच्या पायांतून निघाल्यासारखी दिसावी.

"हलू नकोस," ती हळूच म्हणाली. "कोणी मोजत असलंच, तर दोघांत एक धरू दे."