धमनीचं तोंड

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा पाय काही केल्या स्वस्थ राहत नाही. मास्तर दवाखान्यातल्या टेबलावर उताणे पडले होते, मनगटातून एक नळी थेट हृदयाकडे चालली होती, आणि चादरीखाली पाय तिथे नसलेला ब्रेक दाबतच होता.

प्रसंगच तसा होता म्हणा. मागच्या आठवड्यात छातीत कळ आली म्हणून, आता नळी घालणाऱ्या याच डॉक्टरीणबाईंनी अँजिओग्राफीची फिल्म काढली, तर हृदयाची मुख्य धमनी तोंडाशीच अरुंद दिसली. बायपास ठरला, उद्याची तारीखही मिळाली. छाती उघडणार म्हटल्यावर मास्तरांनी शिकवणीच बंद केली. बायकोचं तर अन्नावरचं मनच उडालं. आणि आता ऐन वेळेला बाई म्हणतात, मला जरा शंका आहे, एकदा आतून बघायचंय. हे काय नवीन खूळ, असं मास्तरांना झालं.

बाईंनी नीट समजावलं होतं. फिल्ममध्ये धमनीची नुसती सावली दिसते. ही बारीक तार आत जाऊन आवाजाच्या लहरींनी भिंतच दाखवते, थर कुठे साचलाय नि किती जाड आहे ते. त्यांनी आधी धमनी सैल पडायचं औषध दिलं, बाहेरची नळी धमनीच्या तोंडातून जरा मागे घेतली आणि आतली तार हळूहळू ओढू लागल्या.

"सावकाश," मास्तर सवयीने बोलून गेले.

बाई हसल्या नाहीत. पडद्यावर करडी वर्तुळं सरकत होती. तोंडाशी येऊन त्या थांबल्या, तार पुन्हा आत सारली, पुन्हा ओढली. मास्तरांचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला. आटोपलं आपलं, असंच त्यांनी धरलं.

"तोंड मोकळं आहे," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी माझ्याच नळीचं टोक आत रुतलं, म्हणून धमनी आकसली होती. ते आकसणं मला ब्लॉक वाटलं. चूक माझी."

पुढे थोडा थर होता, त्याला गोळ्या पुरेशा होत्या. छातीतली कळ बहुतेक पित्ताची, तेही तपासायचं ठरलं. ऑपरेशन रद्द! मास्तरांना रडू आवरेना, आणि त्याची त्यांना लाजही वाटेना.

वॉर्डात बाईंनी बायकोलाही सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती बाईंवर जी घसरली! आठवडाभर आमच्या जिवाला घोर लावलात, तुमचं काय गेलं? बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

"अगं, बास," मास्तर म्हणाले. "त्या गप्प बसल्या असत्या ना, तर उद्या उगाच माझी छाती उघडली असती, मी बरा होऊन घरी आलो असतो, आणि जीव वाचवला म्हणून तू जन्मभर त्यांच्या पाया पडली असतीस."

 बायकोने पलंगाखालचं स्टूल ओढलं, पदराने पुसलं आणि बाईंपुढे ठेवलं.

"बसा," ती म्हणाली. "सकाळपासून उभ्याच आहात."