वहीत नसलेलं वाक्य

गणपतीतल्या फार्सात बायकी कारकून कोण करणार, हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळात कोणी विचारतच नसे. शरच्चंद्र करणार. तरुणपणी तो नायिका करायचा. पुढे बायकाच रंगमंचावर आल्या आणि त्याच्या वाट्याला उरलं ते मान वेळावणं. गेली नऊ वर्षं तो मान वेळावत होता आणि लोक हसत होते. त्याला आता या सगळ्याचा वीट आला होता.

यंदा मध्यभारत राज्य मोडून इथल्या सरकारी कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या. मंडळाचे लेखक दिनकरराव यांना आयताच विषय सापडला: दोस्ताची बदली झाली म्हणून बायकी कारकून स्टेशनावर गळा काढतो.

"पब्लिक लोटपोट होऊन जाईल, बघाच तुम्ही," दिनकरराव म्हणाले.

खरी बदली झाली होती गोपाळकृष्णाची. तो मंडळाचा प्रॉम्प्टर, आणि दाल बाजारातल्या खोलीत चौदा वर्षं शरच्चंद्राचा सोबती. लोकांच्या लेखी दोघे सडेफटिंग, खोली वाटून राहणारे. हुकूम आल्यापासून गोपाळ मुकाट्याने ट्रंक भरत होता. जायचं जिवावर आलंय, एवढं जरी तो बोलला असता तरी शरच्चंद्राला पुरलं असतं. पण गोपाळने तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"तू हा पार्ट नको करू," एवढंच तो म्हणाला. "लोग समझ जाएँगे."

"नाही केला तर जास्त समजतील," शरच्चंद्र म्हणाला.

प्रयोगात स्टेशनाचा प्रवेश आला. 'तुझ्यावाचून मी कसा राहू?' हे वाक्य शरच्चंद्राला तोंडपाठ होतं. तरी तो विसरल्यासारखं करून विंगेकडे सरकला. प्रॉम्प्टरला वाक्य द्यावंच लागतं. निदान वहीतलं म्हणून का होईना, गोपाळच्या तोंडून ते एकदा ऐकायचंच, असा त्याने हट्ट धरला होता.

गोपाळ वही धरून उभा होता. बोलेचना. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. मग विंगेतून दबका आवाज आला, "शरद, तिथं मला करमायचं नाही रे."

वहीत असं काही नव्हतं.

शरच्चंद्राने मान वेळावली नाही, गळाही काढला नाही. विंगेकडे बघत, घरात बोलावं तसं तो म्हणाला, "तुझ्यावाचून मी कसा राहू?"

चारशे माणसं पोट धरधरून हसली. हसू ओसरेपर्यंत नटाने थांबायचं असतं, म्हणून तो थांबला. हसू काही ओसरत नव्हतं.