तीन नंबरचं लाकूड

वैशाख पेटला होता. कातळसड्यावर ऊन कोसळत होतं, वारा कोसळत होता, करपलेलं गवत मुळासकट उपटून समुद्राकडे भिरकावत होता. दिशा धूलिधूसर, आकाश ताम्रवर्ण. त्या उग्र, उन्मत्त, निर्दय उजेडात सड्याच्या टोकाला पित्रे मास्तरांचं कौलारू घर दारं आपटत उभं होतं.

मास्तर पडवीत बसले होते. उडती छोटी विमानं बांधण्यात त्यांची हयात गेलेली. समोर बाल्सा लाकडाच्या फळ्यांचे तीन गठ्ठे, शुभ्र, पिसासारखे हलके. तीन व्यापाऱ्यांचे हे नमुने लेकीने, शर्वरीने मागवले होते, आणि वरची नावं खरवडून नुसते आकडे घातले होते. नाव वाचलं की तुमचं डोकं फिरतं, असं ती म्हणाली होती. त्यात खोटं काही नव्हतं.

गेल्या वर्षी याच सड्यावर, याच वाऱ्यात, मास्तरांच्या विमानाचे पंख मध्येच दुमडले. विमान कोसळलं ते थेट शर्वरीच्या तोंडावर. डावा डोळा गेला. लाकूड गोविंद पांचाळांच्या वखारीतलं, तीस वर्षं जुन्या दोस्ताचं. मास्तर तसेच रक्ताळल्या हातांनी वखारीत गेले, आणि चकार शब्द न काढता त्यांनी दोस्ताच्या तोंडावर ठोसा हाणला. पुढचा दात पडला. त्यानंतर त्या वखारीची पायरी मास्तर चढले नाहीत.

आता पोरीला पुन्हा विमान उडवायचं होतं. उरलेला एकुलता डोळा आभाळाला लावून, त्याच वाऱ्याखाली उभं राहायचं होतं. या वेळी लाकडाने दगा दिला तर? मास्तरांना या भीतीने अन्न गोड लागत नव्हतं.

त्यांची पारख म्हणजे मारझोडच. फळी नखाने ओरबाडायची, गुडघ्यावर घ्यायची, वाकवायची, मोडेपर्यंत वाकवायची. पहिली काडकन तुटली. दुसरीचा भुगा झाला. तिसरी वाकली, कण्हली, आणि हात सैल होताच सरळ झाली. मास्तर इरेला पेटले. दात-ओठ खात, शिरा ताणून त्यांनी ती पुन्हा दाबली, पुन्हा पिळली. श्वेतांगी, कृशांगी ती फळी पुन्हा सरळ झाली.

"हेच घ्यायचं," ते धापा टाकत म्हणाले. "कुणाचं आहे?"

"पांचाळकाकांचं," दारातून शर्वरी म्हणाली.

मास्तरांनी फळी अंगणात भिरकावली. "त्याच्या लाकडाने तुझा डोळा खाल्ला, शर्वरी."

ती आत गेली, आणि फडक्यात बांधलेला एक तुकडा घेऊन आली. दोन पंखांना मधोमध जोडणारी ती बोटभर पट्टी, दुभंगलेली. मोडक्या विमानातून तिनेच काढली होती.

"बाबा, रेषा बघा."

लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीने धावायला हव्यात, आडव्या आल्या तर पंख मोडतो, हे मास्तरांनी शंभरेक पोरांना घोकून घोकून शिकवलं होतं. या पट्टीतल्या रेषा आडव्या होत्या. उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून कापलेली पट्टी, आडवी, घाईघाईत, त्यांच्याच हाताने. त्यांना ते लख्ख आठवलं.

त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा शर्वरीने त्यांचा हात धरला.

"इथे नका. काकांच्या वखारीत जा," ती म्हणाली.

वखारीत करवत किंचाळत होती. भुसा उडत होता, रक्तचंदनी, दाट, डोळ्यांत जाणारा. मास्तरांनी पट्टी पांचाळांपुढे ठेवली. जन्म लाकडात गेलेल्या माणसाला एक नजर पुरली. पांचाळांनी करवत बंद केली, हात पुसले, आणि वर्षभर साठलेला ठोसा मास्तरांच्या तोंडावर ठेवून दिला.

मास्तर फळ्यांच्या थप्पीवर आदळले. ओठ फाटला. ते उठले आणि तसेच समोर उभे राहिले, दुसरा ठोसा घ्यायला.

पांचाळ हात झटकत होते. पडलेल्या दाताच्या फटीतून त्यांचा श्वास वाजत होता.

"पोरीसाठी या फळ्या निवडून ठेवल्यात," ते म्हणाले. "किती देऊ?"

मास्तरांनी थप्पीवरची एक फळी हातात घेतली. ते खाली बघत राहिले. ओठावरचं रक्त थेंबथेंब गळत होतं, शुभ्र फळीवर पडत होतं, आणि लाकडाच्या रेषेने चाललं होतं, सरळ, लांबवर, फळीच्या टोकाकडे.