सत्तरवर अडकलेला काटा

मी पेटी बोलतेय. भजनातली नव्हे, मतदानाची नव्हे, आणि पिंपळगाव राजातल्या निम्म्या लोकांना वाटतं तशी दागिन्यांचीही नव्हे. मी सिगार ठेवायची पेटी आहे. हसा खुशाल. इथे सगळे आधी हसतात, मग झाकण उघडतात, आत नाक खुपसतात आणि "काही खास नाही" असं म्हणून चहाला बसतात.

माझं काम एकच. पोटातली हवा सदा सारखी ओलसर ठेवायची. फार ओली झाली तर सिगारला बुरशी येते, कोरडी झाली तर तिचं वरचं पान तडकतं. माझ्या झाकणाच्या आत ओलावा मोजणारी एक छोटी तबकडी आहे. तिचा काटा सत्तरच्या आसपास राहिला की समजायचं, सगळं ठीक. इतकं सोपं काम आहे. म्हणूनच ते माणसांना जमत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. गोड वासाच्या लाकडाची मी. एका मोठ्या प्रवासी जहाजावर मखमली खुर्च्यांच्या खोलीत माझी अर्धी हयात गेली. आल्हाद तिथे वेटर होता. गावात मात्र तो 'शिपवरचा मॅनेजर' होता. ही बढती त्याला त्याच्या आईनं, विमलबाईंनी, परस्पर दिली होती. माझी एक बिजागरी सैल झाली तेव्हा जहाजवाले मला टाकून द्यायला निघाले. आल्हादनं मला मागून घेतलं. एका म्हाताऱ्या प्रवाशानं उतरताना दिलेल्या मूठभर सिगार त्यानं माझ्यात ठेवल्या, मला लुंगीत गुंडाळलं आणि शेगाव स्टेशनवर उतरवून घरी आणलं. समुद्रावरून थेट विदर्भाच्या उन्हात! ओलाव्यावर जगणाऱ्या पेटीला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

पण आल्हादला काम कळत होतं. सुट्टीत तो रोज सकाळी झाकण उघडायचा, काटा बघायचा, माझ्या कोपऱ्यातल्या स्पंजावर थेंब थेंब पाणी सोडायचा. तेही कुठलंही पाणी नाही, बॅटरीत घालतात ते. त्यात क्षार नसतात. मग एकदा खोल वास घ्यायचा आणि झाकण हलकेच मिटायचा. सुट्टी संपली की हे काम त्याची बायको मंजुश्री करायची.

धाकटा भाऊ नीळकंठ हे बघून फिदीफिदी हसायचा. नीळकंठनं शाळा सोडली की शाळेनं नीळकंठला, यावर घरात अजून एकमत नाही. त्यानं मोबाइलचं दुकान काढलं आणि बंद केलं. कोंबड्या पाळल्या आणि एका रागाच्या भरात सगळ्या विकल्या. सध्या तो कूलर दुरुस्त करतो, म्हणजे उन्हाळ्यात करतो.

"नीळू, तुह्या हातात काही टिकत नाही बे," आल्हाद म्हणायचा. "एक गोष्ट वर्षभर टिकवून दाखव."

"तू आपल्या डब्याले पाणी पाज. मले शिकवू नोको."

दोघांचं प्रेम हे असं होतं.

होळीनंतरच्या सुट्टीत आल्हाद दुसरबीडला मित्राकडे गेला आणि मोटरसायकलवरून परत आला नाही. याच्यावर मला काही खोचक सुचत नाही. पुढे चला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. मी तिथे नव्हते, पण नंतर घरात त्याच्या इतक्या आवृत्त्या ऐकल्या की आता मीच तिथे असल्यासारखं वाटतं. सगळे जण मेलेल्याची इच्छा ओळखायला बसले. कुणी म्हणालं, मंजुश्रीला सांभाळू. कुणी म्हणालं, घराचा वरचा मजला पूर्ण करू. कावळा बाभळीवर ढिम्म. शेवटी नीळकंठ ताडकन उठला आणि ओरडला, "दादा, तुही शिगार तुले देतो! वर्षश्राद्धाले, एकदम ताजी!"

कावळा उतरला. माझं मत विचाराल तर त्याला भूक लागली असावी. पण माझं मत कोण विचारतो?

अशा रीतीनं एका कावळ्याच्या साक्षीनं मी नीळकंठच्या ताब्यात आले. वर्षभर एक तरी सिगार धड ठेवायची. मेलेल्या भावाला दिलेला शब्द होता. तो मोडला तर नीळकंठ उरलेलं आयुष्य स्वतःला माफ करणार नाही, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

पहिलं काम त्यानं झटक्यात केलं. माझ्याशेजारी बॅटरीच्या पाण्याची बाटली होती, ती नेऊन इन्व्हर्टरमध्ये ओतली. बॅटरीचं पाणी बॅटरीलाच! इन्व्हर्टर सुखावला. मला बोअरचं पाणी मिळालं. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीवरही पांढरा थर चढतो. थोड्याच दिवसांत माझा स्पंज पापडखारासारखा कडक झाला.

मग एप्रिल तापला. हवा कोरडी पडली की माणसाला कसं गार करायचं हे नीळकंठला ठाऊक होतं, आणि त्याच्या लेखी मीही माणूसच. त्यानं कूलरच्या जाळीतलं गवत कापलं, भिजवलं आणि मूठभर माझ्या पोटात कोंबलं. वर मला कूलरसमोर स्टुलावर बसवलं. पाहुण्यांना साध्या पंख्याखाली बसवून पेटीला कूलर देणारं पिंपळगावातलं हे पहिलंच घर असेल. आठवड्याभरात दोन सिगारींवर पांढरी लव उगवली.

विमलबाईंनी आपल्या परीनं हातभार लावला. एकदा शेगावहून आणलेलं तीर्थ त्यांनी स्पंजावर शिंपडलं, तुळशीच्या पानासकट. भावना थोर होती. बुरशीलाही ती मानवली.

तिसरी सिगार तुळशीराम काकांनी संपवली. हे आल्हादचे चुलते. त्यांनी ती उचलली, उलटसुलट केली आणि कुणाला न विचारता तळहातावर कुस्करून चुना लावला.

"निरा गवत हाय बे," काका थुंकून म्हणाले. "आमच्या पुडीतली बरी."

"काका! दादाची होती ते!" नीळकंठ असा अंगावर धावून गेला की दोघांना सोडवायला शेजारी आले. काका आजही सांगतात, "एका बिडीसाठी पुतण्यानं मही गचांडी धरली."

त्याच झटापटीत मी स्टुलावरून पडले. नीळकंठनं मला उचललं, काटा हलतो का म्हणून तबकडीवर पेचकसाच्या मुठीनं दोन ठोके दिले. काटा सत्तरवर गेला आणि तिथेच बसला.

मग काय, आनंदीआनंद! सत्तर! नीळकंठ दिवसातून किती वेळा झाकण उघडून बघायचा याची गणतीच नको. प्रत्येक वेळी माझ्या पोटातला होता नव्हता तेवढा ओलावा बाहेर जायचा आणि प्रत्येक वेळी काटा इमानानं सत्तर दाखवायचा. मला तर तो काटा आणि नीळकंठ सारखेच वाटायला लागले होते. आल्हाद गेल्यापासून हा पोरगा एकदाही रडला नव्हता. मांडव बांधला, भांडी आणली, पाहुणे पोचवले. कुणी विचारलं, "कसा हायेस?" की एकच उत्तर, "मले काय धाड भरली? बरा हाय." काटा सत्तरवर. आतून कडकडीत कोरडा.

आल्हाद गेल्यापासून मंजुश्रीनं मला हात लावला नव्हता; ऑक्टोबरच्या उन्हात तिनं एक दिवस झाकण उघडलं. तिनं तबकडीकडे पाहिलंच नाही. उरलेल्या दोनांतली एक सिगार बोटांत धरून हलकीच दाबली. पान करकरलं आणि तडा टोकापर्यंत गेला.

"भाऊजी," तिनं हाक मारली. "हे पाहा."

"काटा तं सत्तरवर हाय, वहिनी!"

"काटा मेला तुमचा. हात लावून पाह्यलं कधी?"

नीळकंठनं मला उचललं. एक क्षण वाटलं, आता भिंतीवर. कोंबड्या विकल्या तसा एका झटक्यात माझाही निकाल. पण आत शेवटची एक होती. त्यानं मला खाली ठेवलं आणि तांब्या घेऊन धावत आला. स्पंज, गवत, काय सापडेल ते भिजवायला.

चुलीशी भाकरी थापत बसलेल्या विमलबाईंनी मान वर केली. "काऊन बे, पीठ मळताना पाणी एकदम वततात काय?"

"मंग?"

"सुकलेल्या पिठाले थेंबाथेंबानं घ्या लागते. हात फिरवत राहा लागते. एकदम वतलं तं वरून चिखल आन् आतून कोरडं."

एवढं बोलून त्यांनी भाकरी उलटली. नीळकंठ तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला. जहाजावरच्या कोट घातलेल्या साहेबानं आल्हादला हेच तासभर समजावलं होतं. बाईंनी एका भाकरीत संपवलं.

त्या दिवसापासून आमचं बरं चाललं. मंजुश्रीनं बॅटरीचं पाणी मागवलं. नीळकंठनं नवी तबकडी आणली. झाकण सकाळी एकदाच. काही थेंब, जास्त नाही. सिगार जराशी फिरवायची, मिटायचं. आधी काटा पन्नाशीतच रेंगाळला, तेव्हा त्याची चुळबुळ बघण्यासारखी होती. हात तांब्याकडे जायचा आणि मागे यायचा. थंडी सरता सरता काटा सत्तरला पोचला. या खेपेला खरा. शेवटची सिगार पुन्हा मऊ झाली, तिचा वास परत आला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी नीळकंठ मला छातीशी धरून गच्चीवर घेऊन गेला. पत्रावळीवर वरण-भात, वडे, खीर. शेजारी तो माझ्यातून सिगार काढून ठेवणार, आणि मग कावळ्यानं यायचं, असा त्याचा बेत. पत्रावळ ठेवून तो माझं झाकण उघडतोय तोच कावळा आला, वडा उचलला आणि गेला. सिगारची वाटही पाहिली नाही. वर्षभराच्या तपश्चर्येला त्यानं एक वडा भारी ठरवला.

"अबे! थांब ना!" नीळकंठ कावळ्यामागे कठड्यापर्यंत धावला. मग वळला तेव्हा चेहरा उतरलेला. "वहिनी, घेतली नाही त्यानं. दादानं घेतलीच नाही."

मंजुश्री म्हणाली, "ते कशाला घेतील? तुमच्या भावानं जन्मात एक शिगार पेटवली नाही. धुराचा त्यांले ठसका लागे."

मला हे माहीतच होतं. आल्हादला सिगार ओढायची नव्हती, सांभाळायची होती. पण पेटीचं कोण ऐकतो?

"मंग मले सांगतलं काऊन नाही? मी सालभर..."

"घरात कोणाशी बोलत होते तुम्ही? पेटीशीच बोलत होते. आन् सांगतलं असतं तं सोडून दिली असती. ते म्हणत, नीळूनं एक गोष्ट वर्षभर टिकवली का त्याच्यासंगं बसून एक पेटवीन. ठसका लागला तरी चालते."

नीळकंठ कठड्यापासून परत आला. मग चुलीजवळची काड्यापेटी मागवली, भिंतीला टेकून बसला आणि सिगार पेटवली. मी जहाजावर मोठमोठे शौकीन पाहिले आहेत. इतकं वाईट कुणाला ओढताना पाहिलं नव्हतं. पहिल्याच झुरक्याला तो खोकला, दुसऱ्याला डोळे भरले, आणि मग सिगार बाजूला धरून तो जो रडायला लागला तो थांबेचना. विमलबाई जिन्यातून वर आल्या, त्याचं डोकं पोटाशी धरलं.

"धूर गेला माय डोळ्यात," तो म्हणाला.

"हाव बापा. धूरच गेला."

मला हवेतला ओलावा कळतो, बाकी काही कळत नाही. धूर तर धूर.

निम्मी सिगार उरली तेव्हा त्यानं ती कठड्यावर विझवली. "अर्धी तुही, दादा," म्हणाला आणि माझ्यात ठेवून झाकण मिटलं. विझवलेली सिगार माझ्यासारखीच्या पोटात कधीच ठेवू नये. तिचा करपट वास लाकडात मुरतो आणि कायमचा राहतो. जहाजावर एकानं असं केलं तेव्हा त्याला कामावरून काढलं होतं.

मी ती पोटात घेतली.

आता मी नीळकंठच्या खाटेशेजारच्या फळीवर असते. बिजागरी अजून सैल आहे, पोटात राखेचा वास आहे, आणि रोज सकाळी एक कूलरवाला मला थेंब थेंब पाणी पाजतो. तुमच्या घरीही कुणाची अशी अर्धी उरलेली वस्तू असेल. तिला सांभाळा, पण तांब्या घेऊन धावू नका. आणि अधूनमधून हात लावून बघत जा. काट्याचं काय, तो सत्तर दाखवतोच.