हिरोशिमाचा पुडा
प्रबोधने पिठाचे पाच पुडे ओट्यावर रचले. "व्हेज आहेत. हिरवा ठिपका बघूनच घेतले."

अनघाने एक पुडा उलटा करून मागची जपानी अक्षरं वाचली. "यात माशाची पूड आहे, प्रबोध."

"मग हा ठिपका?"

आठ वर्षांच्या वल्लरीने मान पुढे करून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सांगितलं. "बाबा, दॅट वन कॅबेज, लाह!"

कोबीच्या गड्ड्याचंच छोटं चित्र होतं ते. पुण्यातल्या दुकानांत लागलेली सवय प्रबोधला सिंगापूरच्या जपानी सुपरमार्केटमध्ये नडली होती.

शिवाय पुडे ओसाकाचे होते. ओसाकाचं ओकोनोमियाकी म्हणजे कोबी पिठात कालवून केलेलं जाड धिरडं. ते फुगावं म्हणून पिठात कंदाची पूड असते. हिरोशिमात कालवाकालव नाही. खाली पातळ पापुद्रा, त्यावर कोबीचा ढीग, मग नूडल्स, मग अंडं. ओसाकाचं पीठ तेवढं पातळ पसरत नाही, आणि हिरोशिमाचा पुडा शहरात कुठेच मिळाला नव्हता.

मोरिता-सान तासाभरात येणार होत्या.

प्रबोध हिरोशिमाला नोकरीला असताना हे कुटुंब त्यांच्या छोट्या खानावळीच्या वर राहायचं. अनघाला अंडं चालतं, मांस-मासे नाहीत, हे कळल्यावर मोरिता-सान दुपारचं पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी, घासलेल्या तव्यावर, साध्या मैद्याचं तिचं वेगळं करून देत. अनघाने शिकवा म्हटलं की कोबी चिरायला देत. तव्याला हात मात्र कधीच लावू दिला नाही. आता २०१४ मध्ये त्या सहलीबरोबर सिंगापूरला आल्या होत्या. अनघाने फोनवर बजावलं होतं, "काही आणू नका. हिरोशिमाचं मी खाऊ घालते."

पलीकडून एकच शब्द आला होता, "सिंगापुरात?"

अनघाच्या वुडलँड्समधल्या फ्लॅटमध्ये आल्यावर मोरिता-सान थेट स्वयंपाकघरात गेल्या. पिशवीतून एक पुडा काढून त्यांनी गॅसशेजारी ठेवला. हिरोशिमाचं पीठ. "असू दे," त्या जपानीत म्हणाल्या. "मासे नाहीत, वाचून आणलंय."

"सुटलो!" प्रबोध मराठीत पुटपुटला. "फोड की तो."

"हात लावू नकोस त्याला," अनघा म्हणाली.

तिने मैदा भिजवला. तवा कडकडीत तापवून पीठ वरून ओतलं आणि पापुद्र्याला सुरेख जाळी पडली. घावन असतं तर सासूबाईंनी कौतुक केलं असतं. इथे उलटताना कोबीच्या ओझ्याने तो जाळीवरच फाटला. कोबी ओट्यावर सांडला.

"तो पुडा..." प्रबोधने पुन्हा सुरुवात केली.

"प्रबोध, बाहेर बस."

मोरिता-सानची नजर तव्यावरून हलली नव्हती.

अनघाने आच मंद केली. पिठात चमचाभर मैदा वाढवला, पळीच्या पाठीने ते गोल गोल पसरलं. जाळी पडली नाही. त्यावर कोबी, मुगाचे मोड, आणि यात घालायच्या दुकानातल्या तळलेल्या कुरमुरीत चुऱ्याला माशाचा वास येतो म्हणून सकाळीच बुंदीच्या झाऱ्यातून मैद्याच्या पिठाची पाडून तळलेली कळी. दोन उलथनी दोन्ही बाजूंनी सारली आणि मनगटं एकदम फिरवली. सगळा ढीग अख्खा उलटला. मग खाली नूडल्स, त्याखाली फोडून पसरलेलं अंडं, पुन्हा एकदा उलटवून वरून गोडसर दाट सॉस.

वल्लरी ताटली घेऊन आली. मोरिता-साननी ती बाजूला सारली, अनघाच्या हातातलं उलथनं घेतलं आणि हिरोशिमाच्या रीतीप्रमाणे तव्यावरच तुकडा पाडून खाल्ला. कड उचलून खालचा पापुद्रा पाहिला. आणखी एक तुकडा खाल्ला.

"आतली ही कळी कुठल्या दुकानातली?"

"घरची आहे."

"हं." त्यांनी उलथनं अनघाला परत दिलं. "कोबी अजून जाडच चिरतेस."

"हो, मोरिता-सान."

"आणखी एक कर. मला पूर्ण हवं."

अनघाने पळी पिठात बुडवली. तिच्या मागे मोरिता-साननी गॅसशेजारचा पुडा उचलला, पिशवीत परत ठेवला आणि चेन ओढली.

"हा परत नेते," त्या म्हणाल्या. "इथे उगीच जागा अडेल."

बाहेरून प्रबोध ओरडला, "काय म्हणाल्या गं?"

अनघा ताठ मानेने पापुद्रा पसरत होती.