बाजूची सीट

सत्कार काम झाल्यावर करावा, एवढी साधी अक्कल आमच्या तालुक्याला नाही. पोरगं लष्कराच्या भरतीत नुसतं धावून आलं तरी त्याच्या नावाचा फ्लेक्स लागतो. परदेशी निघालेल्या माणसाला तर कोण सोडतंय? माझा सत्कार २००५च्या जानेवारीत मंचरच्या चौकात झाला. तेव्हा मी नवा पासपोर्ट मिळवण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं, आणि ज्या मोटारीतून लंडनला जायचं तिचं इंजिन माझ्या गॅरेजात लाकडी ओंडक्यांवर पडलं होतं.

मोटार सुदर्शनची. अवसरी बुद्रुकच्या हौशीरामदादांचा तो धाकटा मुलगा, पुण्यात धंद्याला लागलेला. मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशाकडून त्याने ती तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. लाल, बुटकी, आत बसायचं तर अंगणात पाय पसरून बसल्यासारखं बसावं लागायचं. मुंबईहून जहाजाने इराण, तिथून तुर्कस्तान आणि पुढे रस्त्यानेच लंडन, असा दीड महिन्याचा त्याचा बेत होता. पुण्यातल्या गॅरेजवाल्यांनी तिचा कार्ब्युरेटर बघून हात जोडले, म्हणून तो माझ्याकडे आला.

मी बावीस वर्षं नाशिक रस्त्यावर गॅरेज चालवतो. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो, आणि माझं चुकलं असं कुणी म्हणालं की मला राग येतो, कारण सहसा चुकत नाही. मी सुदर्शनला सरळ विचारलं की इतक्या लांब, वाळवंटात, ही बंद पडली तर कोण बघणार? तो हसून म्हणाला, "तुम्हीच की, पोपटराव. सीट दोन आहेत. एक माझी, एक तुमची."

तोवर मी लांबात लांब गेलो होतो तो नागपूरला, दीक्षाभूमीवर. त्या दिवसापासून चार महिने मी दुसऱ्या गाड्यांना नीट वेळ दिला नाही. इंजिन पूर्ण उतरवलं. स्प्रिंगांखाली पॅकिंग घालून गाडी दोन इंच उचलली, खाली जाड पत्रा मारला, रेडिएटरला दुसरा पंखा बसवला. तिकडे उजव्या बाजूने गाडी चालवतात, म्हणून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये यासाठी दिव्यांच्या काचांवर कुठे पट्टी चिकटवायची तेही शोधून काढलं. कधी कधी बाजूच्या सीटवर नुसता बसायचो. पाना हातात असायचा, म्हणजे कुणी पाहिलं तर काम चाललंय असं वाटावं.

सत्काराचं खूळ चौकातल्या मंडळींनी काढलं. अध्यक्ष हौशीरामदादा. माझा पासपोर्टचा फोटो फ्लेक्सवर इतका मोठा केला होता की मला माझीच भीती वाटली. दादांनी शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवर म्हणाले की हा आपल्या तालुक्याचा माणूस मोटारीने लंडनला निघालाय. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्या चौकात खुर्चीवर बसवून कुणी हार घातलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. जयंतीची मिरवणूक तिथून जाते, पण ती पुढे निघून जाते. माझी आई, जानकाबाई, पहिल्या रांगेत बसली होती. तिने डोळ्याला पदर लावला नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. नुसती ताठ बसून सगळीकडे बघत होती. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर बाराव्या दिवशी सुदर्शन एक कागद घेऊन आला. कागदावर टाकीचं चित्र होतं. प्रवासाचा खर्च करायला एक कंपनी तयार झाली होती, आणि तिला जाहिरातीसाठी एकट्याने जाणारा माणूस हवा होता. बाजूची सीट काढून तिथे जादा पेट्रोलची टाकी बसवायची आणि मागे सुटे भाग ठेवायला कप्पा करायचा, असं त्याचं म्हणणं. तो हे सगळं गाडीच्या बॉनेटकडे बघून बोलत होता.

"आन् मी?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी, पोपटराव. नक्की नेतो." मग म्हणाला, "दादांना आत्ता सांगू नका. सत्कार त्यांच्या हातून झालाय, त्यांना लागेल."

त्याला गॅरेजाबाहेर काढायला हवं होतं. मी काढलं नाही. काम अर्धवट सोडून गाडी बाहेर पाठवायची नाही ही माझी खोड, आणि तिने मला तिथेच धरून ठेवलं. शिवाय मी त्याला हाकललं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. सीटला चार नट होते. दहा मिनिटांत ती बाहेर आली. मग अॅल्युमिनियमच्या पत्र्याची साठ लिटरची टाकी केली. वळणावर पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत आडवे पत्रे घातले, झाळकाम तीन वेळा तपासलं. टाकी उत्तम झाली. बसवल्यावर बघितलं तर जवळजवळ माझ्याच मापाची होती.

सांगून टाकायचं मी रोज सकाळी ठरवायचो. पण गॅरेज उघडायच्या आधीच कुणीतरी येऊन उभा असायचा. चहावाला माझ्याकडून पैसे घेईना. एका मास्तरांनी शाळेत भाषणाला बोलावलं. विहारातल्या बायका आईला पुढे बसायला सांगू लागल्या. ज्या शालीने मला उचलून ठेवलं होतं तिच्यातच मी गुंडाळला गेलो होतो, आणि गाठ सुटत नव्हती. बातमी फुटली असती तर लोकांनी सुदर्शनला नावं ठेवली नसती. ते म्हणाले असते, बघा, चौकात बसवला होता ना. मी एकटाच खाली आलो नसतो, वस्तीला घेऊन आलो असतो.

शेवटी फक्त बायकोला, रत्नाला सांगितलं. ती म्हणाली की आता जायलाच लागेल, कुठंतरी.

फेब्रुवारीच्या मध्यात गाडी ताडपत्री टाकून ट्रकवर चढवली. मुंबई बंदरात सोडायला मीच जाणार, तिथूनच जहाज, असं सगळ्यांना वाटत होतं. ड्रायव्हरच्या शेजारी मी पिशवी घेऊन बसलो. गळ्यात सहा हार. आईने कपाळाला हात लावला आणि तिकडचं पाणी उकळून पी म्हणाली. ट्रक हलल्यावर ड्रायव्हरने मला विचारलं की साहेब, विमान का जहाज? चाकणला मी उतरलो. हार त्याच्या केबिनमध्येच राहिले. डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि मंचर टाळून, राजगुरुनगर-वाड्याच्या बाजूने दोन एसट्या बदलत तळेघरला गेलो.

तळेघरला माझी बहीण, साळुबाई. तिचे मालक, आमचे दाजी, वनखात्यात. दोन खोल्यांचं क्वार्टर, पत्र्याचं छप्पर, आणि समोरून भीमाशंकरचा रस्ता. साळूने शेजारी सांगितलं की पाहुणा कावीळ काढून आलाय, त्याला उन्हात फिरायचं नाही. ती पथ्याचं म्हणून मला नाचणीची आंबील देऊ लागली, म्हणजे खोटं नीट जमावं. मी दिवसा बाहेर पडायचो नाही. मंचर तिथून पन्नास किलोमीटरही नसेल. दर्शनाला जाणाऱ्या जिपांमध्ये आमच्याकडचं कोण असेल याचा नेम नव्हता.

दहा पावलं लांब आणि सात पावलं रुंद अशी ती खोली मी बावीस दिवस चाललो. खिडकीच्या फटीतून भात काढलेली रिकामी खाचरं दिसायची. रस्त्यावरून गाडी गेली की मी कान द्यायचो. हिची क्लच प्लेट गेलीय. हिचा एक नोझल मारत नाही. ह्याला कुणीतरी सांगा की गिअर असा ओरबाडू नये. हात नुसते पडून होते, नखांतली ग्रीसची काळी रेघ धुऊन धुऊन गेली तेव्हा मला रडू आलं.

एका रविवारी रत्ना आली. आईला तिने माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं. लोक रोज विचारतात, कुठवर पोचले? म्हणून तिने शेजारच्या मुलीच्या नकाशाच्या वहीत बघून मला इराणात उतरवलं होतं. पुढे किती दिवसांनी कुठे न्यायचं ते ती मला विचारायला आली होती. आम्ही दोघं चुलीपुढे बसून माझा प्रवास ठरवत होतो, आणि साळू भाकरी थापता थापता आमच्याकडे बघत नव्हती.

"मला आता बोलवंना," रत्ना म्हणाली. "सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत ऐकत्यात. इराणात थंडी हाय का, म्हणून इचारत्यात."

ती गेल्यावर मी एक वाईट गोष्ट करू लागलो. झोपून डोळे मिटायचो आणि ती लाल गाडी मनात बंद पाडायचो. कधी गॅसकेट उडवायचो, कधी पंप. आसपास माणूस नाही, ऊन तापलंय, सुदर्शन बॉनेट उघडून उभा आहे आणि त्याला काही कळत नाही. तेव्हा त्याला बाजूची सीट आठवेल. माझ्याच हाताने केलेलं काम मी रोज असं मोडत होतो, आणि त्यात मला गोडी वाटायची.

महाशिवरात्रीला रस्ता वाहत होता. दुपारच्या सुमाराला एक मिनीबस क्वार्टरपासून शंभर पावलांवर थांबली. डिझेल इंजिनाने एअर धरली होती, हे मला घरात बसून कळलं. ड्रायव्हरने हाताने पंप मारून हवा काढली, गाडी चालू झाली, पुन्हा गचके खात बंद पडली. असं तीनदा झालं. म्हणजे पाइपच्या जोडावर हवा ओढत होती. तिथला तांब्याचा वायसर दबलेला असणार. पण ड्रायव्हरला ते समजत नव्हतं. तो स्टार्टर मारत राहिला आणि बॅटरी उतरत चालल्याचं मला ऐकू येत होतं. माणसं खाली उतरली, बायका रस्त्याच्या कडेला उन्हात बसल्या. मी फटीतून बघितलं. सगळी मंचर-अवसरीची तोंडं. मधोमध काठीवर हनुवटी टेकून हौशीरामदादा.

मी खाटेवर जाऊन बसलो. कान दाबून धरले. पुन्हा स्टार्टर, या वेळी अगदी मेलेला. साळू म्हणाली की कुणीतरी येईल, तू बस. मी बसलो होतो. आणि मग मला त्या ड्रायव्हरचा असा राग आला की मी दार उघडून बाहेर गेलो.

कुणाकडे न बघता मी ड्रायव्हरला बाजूला केलं, पाना मागितला, जोड सोडला. वायसर चपटाच होता. नवा कुठून आणणार? साळूच्या चुलीत तो लालभडक होईपर्यंत धरला, पाण्यात टाकला. असं केलं की तांबं मऊ पडतं आणि पुन्हा घट्ट बसतं. जोड आवळला, हवा काढली, चार जणांना धक्का मारायला लावला. गाडी एका दमात चालू झाली आणि चालूच राहिली. तोवर एकाही माणसाने मला नावाने हाक मारली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. ते आश्चर्यानेही बघत नव्हते. एकेक जण गुपचूप गाडीत चढला.

दादा तेवढे खाली राहिले.

"दादा, मी गेलो न्हाई," मी म्हणालो.

"ठाव हाय. जहाज सुटलं तवाच पेपरात फोटू आला. सुदर्शन एकटाच, शेजारी टाकी." दादा म्हणाले. "समद्या मंचरनं वाचलं."

म्हणजे रत्ना इराण सांगत होती तेव्हा समोरच्याला सगळं माहीत होतं. पेपर आमच्या घरी येत नाही, म्हणून आम्हीच तेवढे अडाणी. बावीस दिवस मी तोंड लपवलं आणि गावाने ते मला लपवू दिलं. मला त्या दयेची शिसारी आली. मी तोंडाला येईल ते बोलणार होतो.

"तुज्या आईकडं मीच गेलो पेपर घेऊन," दादा म्हणाले. "माज्या पोरानं केलं, मला जायाच पायजे व्हतं. ती म्हणली, त्याला कुणी कायबी सांगू नका, रत्नालाबी नको. बहिणीकडं असंल. यील त्याच्या पायानं. म्हणून गप ऱ्हायलो."

"चिडली आसंल."

"न्हाई. रोज सांजच्याला विहारात जाऊन मेणबत्ती लावती. मी इचारलं, आता कशापायी, पोपट तर हितंच हाय. तर म्हणली, गाडीसाठी. माज्या पोराच्या हातची हाय ती, रस्त्यात बंद पडाय नको."

मी त्यांच्याकडे बघूच शकलो नाही. ती मेणबत्ती लावत होती त्याच वेळेला, रोज, मी खाटेवर पडून ती गाडी मोडत होतो.

मिनीबसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. दादा चढायला वळले. मी त्यांच्या दंडाला धरून चढवलं आणि विचारलं, "आता कुठं हाय ती?"

"तुर्कस्तानात. काल फोन आलता. डोंगर लागलेत म्हणला, गाडी दम टाकती, धूर काळा मारती. घाबरलाय."

"कायबी झालं न्हाई तिला. उंचावर हवा पातळ असती, पेट्रोल जादा पडतंय," मी म्हणालो. "त्याला सांगा, कार्ब्युरेटरचा खालचा स्क्रू पाव फेरा फिरव. पावच. न्हाईतर थांबा, तुमाला ध्यानात ऱ्हायचं न्हाई. तुमी परत येताना हॉर्न मारा, मी हितंच रस्त्यावर उभा ऱ्हातो. फोनवर मीच बोलतो."